हिरवा ठिपका

नवऱ्याला हे ठाऊक नाही. सासूबाई गेल्या, त्यांनाही कळलं नाही. आणि जिला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, तिला तर मी कळूच दिलं नाही. तुम्हाला सांगते आहे — तुम्हालाच का, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढं पुरे.

पण आधी थोडी फुशारकी मारू द्या. ती ऐकल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. आणि खोटं कशाला बोलू — मला ती मारायला आवडते.

कर्जतला भिसेगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटरचा क्लास. अजून आहे, पण आता शिकायला येणारे कमी आणि प्रिंट काढायला येणारे जास्त. पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी लोक माझ्याकडे सीडीसाठी यायचे. लिनक्सची सीडी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते — कॉम्प्युटरमध्ये विंडोज असतं ना, त्याच्या जागी घालता येणारी ही दुसरी सिस्टिम. फुकट, आणि हवी तितक्यांना वाटा, कुणी चोर म्हणणार नाही. फक्त ती इंटरनेटवरून उतरवून घ्यावी लागायची आणि आमच्याकडे इंटरनेट म्हणजे नळाला पाणी यावं तसं. आलं तर आलं. म्हणून ज्याच्याकडे उतरवलेली प्रत आहे आणि ती सीडीवर नीट लिहिता येते, त्याच्या दाराशी रांग.

नीट लिहिता येते — हे तीन शब्द महत्त्वाचे. सीडी काय, कुणीही लिहायचा. बाजारात दोन दुकानं होती, तिथली पोरं ती भली मोठी फाइल उचलून जशीच्या तशी सीडीवर टाकून द्यायची. ती सीडी लावली की काही होत नाही. पोळी मागितली तर हातात कणकेचा डबा दिल्यासारखं. काही जण लिहायचे बरोबर, पण सीडी लिहायचा राइटर पळेल तेवढा पळवायचे. मग इन्स्टॉल होता होता अर्ध्यावर अडकायचं, जुनं पुसलेलं आणि नवं आलेलं नाही. तशी सीडी देण्यापेक्षा न दिलेली बरी.

माझी रीत वेगळी होती. मूळ फाइलबरोबर अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ मिळते. फाइलमधलं एक टिंब जरी इकडचं तिकडे झालं तरी ती ओळ बदलते. आधी ती ताडून बघायची. मग कोरी सीडी घ्यायची, तीही स्वस्तातली नाही. मग राइटर सगळ्यांत कमी वेगावर लावायचा आणि लिहून होईपर्यंत त्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. टेबलालासुद्धा नाही. आमच्याकडे दुपारी व्होल्टेज कधी वर तर कधी खाली, म्हणून घरात नियमच केला होता — सीडी चालू असेल तोवर मिक्सर लावायचा नाही. सासूबाई बिचाऱ्या हातात वाटण घेऊन स्वयंपाकघरातून विचारायच्या, "झाली का गं तुजी सीडी? लावू का मिक्सर?" मी म्हणायची, थांबा आई. त्या थांबायच्या. नवरा माथेरानला हॉटेलात कामाला, संध्याकाळी उतरून आला की म्हणायचा, एवढं मला जपलंस तर मी दहा वर्षं जास्त जगेन.

लिहून झालं की काम संपलं असं नाही. सीडी बाहेर काढून पुन्हा आत घालायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, ती ओळ पुन्हा ताडायची. आणि शेवटी — ही माझी स्वतःची युक्ती, मला कुणी शिकवली नाही — कोपऱ्यात एक म्हातारा कॉम्प्युटर ठेवला होता, त्याचा सीडी वाचायचा ड्राइव्ह इतका थकलेला की गाण्याची सीडीसुद्धा खोकत वाचायचा. त्याच्यात घालून बघायची. त्याने वाचली म्हणजे जगात कुठेही वाचली जाणार. मगच मी मार्कर घ्यायची आणि सीडीच्या मधल्या पारदर्शक गोलावर हिरवा ठिपका द्यायची.

त्या ठिपक्याला काय मान होता म्हणून सांगू! कशेळ्याहून, नेरळहून, पार खोपोलीहून माणसं यायची. सीडी हातात घेतल्यावर आधी ठिपका बघायची. "वैजूताईची सीडी हाय, अडकायची नाय," असं दुसऱ्यांच्या दुकानात उभं राहून लोक बोलायचे. मुंबईतून एक इंजिनिअर आले होते, त्यांनी माझी रीत ऐकली आणि म्हणाले, आमच्या ऑफिसातसुद्धा एवढं कुणी करत नाही. मी वरवर लाजले. आतून? आतून मला वाटलं, करणारच नाहीत. त्यांना माझ्या सासूसारखी सासू कुठे आहे मिक्सर बंद ठेवणारी?

तर असा मान. आणि तो मान हाच या गोष्टीतला चोर आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

एका स्थानिक साप्ताहिकाचे वार्ताहर माझ्यावर लिहायला आले. त्यांना पुढे माथेरानला जायचं होतं, घाईत होते. म्हणाले, ताई, सीडी तयार करताना आणि तो ठिपका देताना असे फोटो हवेत. मी काय सांगायला हवं होतं? की साहेब, एक सीडी तपासून व्हायला वेळ लागतो, बसा, चहा घ्या. नाहीतर आधीची तपासलेली सीडी हातात धरून फोटो काढून घ्यायला हवा होता. पण आधीच्या सगळ्यांवर ठिपके होते आणि त्यांना ठिपका देताना हवा होता. मी कोरी सीडी घातली. वेग पूर्ण चढवला. टेबलावर कोपर टेकवून बोलत बसले, माझ्याच कौतुकाचं. आतून सासूबाईंनी विचारलं, पाहुण्यांसाठी चटणी वाटायचीय, लावू का गं मिक्सर? आणि मी म्हणाले, लावा आई.

हे "लावा आई" मला अजून ऐकू येतं.

सीडी बाहेर आली, गरमच होती. मी मार्कर उघडला, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि ठिपका दिला. फोटो छान आला. तो अंक मी फ्रेम करून भिंतीवर लावला आहे, अजून आहे. त्या फोटोतली सीडी मी नंतर तपासणार होते. नंतर म्हणून डब्यात टाकली. त्या डब्यात, जिथे फक्त तपासलेल्या असायच्या.

आता रेहाना. खालापूरच्या बाजूला एक शाळा आहे, गावाचं नाव सांगत नाही. तिथे ती शिकवायची. खालापुरात तिच्या वडिलांचं टायरचं दुकान. घरात शिकलेली पहिली मुलगी, नोकरी अजून कच्ची, दर वर्षी नव्याने नेमणूक. शाळेला कुठल्याशा कंपनीकडून जुने कॉम्प्युटर मिळाले होते, व्हायरसने खाल्लेले, धूळ खात पडलेले. हिने माझ्याकडे येऊन लिनक्स शिकून घेतलं. सुट्टीच्या दिवशी जीप पकडून यायची, मागच्या बाकावर बसायची, आणि प्रश्न असे विचारायची की मलाच रात्री पुस्तक उघडावं लागायचं. मग तिने मुख्याध्यापकांच्या मागे लागून परवानगी काढली — हे कॉम्प्युटर मी चालू करून दाखवते. ते तयार नव्हते. बिघडलं म्हणजे जबाबदार कोण, असं विचारायचे. तर ही म्हणाली, सीडी वैजूताईंची आहे. माझ्या नावावर तिने स्वतःची जबाबदारी घेतली होती, हे मला माहीत होतं. मला ते आवडलंही होतं.

ती सीडी घ्यायला आली त्या दिवशी बाहेर जीप उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी डबा उघडला. एकच सीडी. उचलली आणि उचलतानाच कळलं, ही फोटोतली. तपासलेली एक होती, पण ती माझ्या पर्समध्ये. एक नेहमी तिथे असायची, माझी स्वतःची. ती देता आली असती. किंवा म्हणता आलं असतं, थांब जरा, पुढची जीप पकड. जीप काय, अर्ध्या तासाने दुसरी होती!

मग का नाही म्हटलं? कारण तिने ठिपका बघितला होता. तिच्यासमोर ती सीडी पुन्हा तपासायची म्हणजे ठिपक्याचा अर्थ काय राहिला? आणि पर्समधली काढून द्यायची तर ही का नाही, हे सांगावं लागलं असतं. एका शिष्येसमोर एवढंसं छोटं व्हायचं होतं. मला ते जमलं नाही. आणि मनात म्हटलं, माझ्या हातची आहे, कशाला अडकेल? ती स्वच्छ रुमालात गुंडाळून घेऊन गेली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. पण सगळं नाही ओळखलंत. ते मी सांगते तेव्हाच कळेल.

शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीचा छोटासा समारंभ ठेवला होता. तिचा सकाळी फोन आला. ताई, अर्ध्यावर थांबलंय. जुनं पुसलं गेलंय, नवं होत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पण तिथेच थांबतंय. तुम्ही येता का? मी स्कूटी काढली आणि चौक गावावरून गेले. रस्त्यात मला एकदाही वाटलं नाही की आता जाऊन खरं सांगू. मी विचार करत होते तो वेगळाच.

खोलीत मुख्याध्यापक, शाळा समितीचे अध्यक्ष, दोन-तीन पालक. टेबलावर हार, नारळ. रेहाना भिंतीला टेकून उभी. मला बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर जीव आला — सुटले, ताई आल्या. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, तुमची सीडी खराब निघाली म्हणतात या.

खराब निघाली. माझी. चार माणसांत.

मी हात पुढे केला. रेहानाने सीडी दिली, कडेला धरून, दोन बोटांत, मी शिकवलं तशी. "उजेडात बघते," म्हणाले आणि खिडकीशी गेले, सगळ्यांकडे पाठ करून. सीडी आरशासारखी होती. एक डाग नाही, एक रेघ नाही. म्हणजे दोष लिहिण्यातच, दुसरीकडे कुठेही नाही. त्या चटणीचा, त्या वेगाचा, त्या कोपराचा. माझ्या हातातल्या बांगडीला सेफ्टी पिन अडकवलेली असते, आपल्या सगळ्या बायकांच्या असते. ती मी उघडली.

सीडीवर आतून बाहेर सरळ ओरखडा गेला तर फारसं बिघडत नाही, ती बरेचदा वाचली जाते. गोलाईच्या दिशेने, माहितीच्या रेघेबरोबर ओरखडा गेला तर मात्र ती मेली. हे मला माहीत होतं. मी गोलाईने ओढला. हात हलला नाही. नीट काम करायची सवय, दुसरं काय.

मग वळले आणि म्हणाले, हा बघा ओरखडा. सीडी चांगली होती.

अध्यक्षच आधी बोलले, "तेच म्हनतो मी. ताईंची सीडी कशी फसंल ओ? बाईंच्या हातनं लागलं आसंल काय तरी." मुख्याध्यापकांनी रेहानाकडे बघितलं. तिने माझ्या हातातल्या सीडीकडे बघितलं, बराच वेळ. तिला आठवत नव्हतं, तिला पटत नव्हतं, हे मला दिसत होतं. पण माझा शब्द एका बाजूला आणि तिची आठवण दुसऱ्या बाजूला. तिने आठवण सोडून दिली.

"माझ्याच हातून झालं असणार, ताई," ती म्हणाली. "सॉरी."

तिने माझी माफी मागितली! आणि मी — मी म्हणाले, असू दे गं, होतं असं. मोठेपणा केला. ओरखड्याची सीडी तिच्या हातात परत दिली, पर्समधून माझी सीडी काढली, सगळे कॉम्प्युटर एकेक करून चालू करून दिले. हार मला घातला. नारळ मला दिला. त्या गावात माझं नाव आणखी वाढलं. हिरव्या ठिपक्याची सीडी ती अशी, आणि हाताळणारी बाई धड नसेल तर ती काय करणार?

खोलीची किल्ली रेहानाकडून काढून घेतली. पी. टी.च्या सरांना दिली, जे माउसला हात लावताना घाबरायचे. खोली बंद राहायला लागली. रेहानाला पुढची कित्येक वर्षं हस्तकला आणि चित्रकला. ते सर निवृत्त झाले तेव्हा कुठे किल्ली तिच्याकडे परत आली. या मधल्या काळात ती माझ्याकडे यायची थांबली नाही. ईदला शिरखुर्म्याचा डबा, सुट्टीत नवे प्रश्न. मी उत्तरं द्यायची. मन लावून द्यायची. ती माझी सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी, हे मी सगळ्यांना सांगायची आणि ते खरं आहे.

त्या दिवसानंतर न तपासलेली एकही सीडी माझ्या हातून गेली नाही. हे मी जमेच्या बाजूला धरत नाही. कारण त्यातही मला अभिमानच वाटतो, आणि तुमच्यापासून ते लपवून काय करू? आज पेन ड्राइव्हचा जमाना आहे, सीडी लावायला जागाच नसते. तरी कर्जतमध्ये जुनी माणसं भेटली की म्हणतात, ताई, तुमच्या सीडीला तोड नव्हती. मी म्हणते, हो, नव्हती.

यंदा शाळेने नवी कॉम्प्युटरची खोली केली. रेहाना आता तिथली जुनी-जाणती, केसांत पांढऱ्या बटा आल्या आहेत. तिने मला पाहुणी म्हणून बोलावलं. शाल, श्रीफळ, सगळं. भाषणं व्हायच्या आधी ती मला खोली दाखवायला घेऊन गेली. फळ्याच्या बाजूला खिळ्याला लाल दोऱ्याने एक सीडी टांगली होती.

मी जवळ जाऊन बघितली नाही. गरज नव्हती. मधल्या गोलावर हिरवा ठिपका होता.

एक सहावीतली मुलगी पुढे आली, पाठ केलेलं असावं तसं म्हणाली, ही सीडी आमच्या मॅडमकडून खराब झाली होती. मॅडम दर वर्षी पहिल्या तासाला आम्हाला ती दाखवतात. वस्तू कशी धरायची ते शिकवतात, आणि सांगतात, चूक झाली तर लपवायची नाही, चार माणसांत सांगून टाकायची. रेहाना हसून म्हणाली, पोरांना माझी फजिती आवडते, ताई. मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. तिथे टोमणा नव्हता. तिला काहीच माहीत नाही. तो ओरखडा इतका गोल, इतका सफाईदार आहे की सीडीतलं कळणारं कुणीही लांबून ओळखेल, असा आपोआप पडत नाही. पण ते सांगणारी मी आहे, आणि मी सांगितलं होतं, सीडी चांगली होती. दर वर्षी नव्या मुलांसमोर ती उभी राहून कबुली देते. माझी.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. माइक हातात आला. समोर मुलं, पालक, पहिल्या रांगेत रेहाना. तोंडात शब्द होते का? होते. तिथेच होते.

मी म्हणाले, मुलांनो, सीडी नेहमी कडेला धरावी.

टाळ्या पडल्या. रेहाना सगळ्यांत जोरात वाजवत होती.

घरी येऊन शाल घडी करून कपाटात ठेवली आणि हे लिहायला बसले. लिहिताना भिंतीवरचा तो फोटो समोर आहे. मी हसते आहे, हातात मार्कर आहे, ठिपका ओला आहे. चांगला फोटो आहे.

ती सीडी मी तपासली नव्हती. ओरखडा मी काढला. रेहानाने ती कडेलाच धरली होती.